सतरा गड्यांच्या खुणा

बुधवार ता. ८ डिसेंबर ४३
आधी आली शेजारची काशी, जावेची गाऱ्हाणी घेऊन. निम्मं सांगून हुतंय तवर दारात दोन पाहुणे. "पुण्याच्या कालिजातनं आलो. वसंताचं घर हेच न्हवं?" मला आभाळ ठेंगणं झालं! नातू बी. ए. होऊन पुढं एम. ए. शिकतोय, जुनी देवळं कुणी बांधली, कशी बांधली त्याचं. आता माणसं त्याला हुडकत गावात याय लागली. शेंगा दिल्या, गूळ दिला. च्याची पूड काशीकडनं आणली, तिची गाऱ्हाणी राहिली तशीच.

वसंताची वही दाखवली. दिवाळीत महादेवाच्या देवळातल्या दगडांवरच्या खुणा उतरून घेतल्यात त्यात. मासा, बाण, चंद्रकोर.
थोरला म्हणाला, "आजी, हे काय?"
"एक खूण म्हंजी एक गडी. माझा वसंता खुणेवरनं गडी वळखतो."
"किती गडी?"
"सतरा."
"नावं?"
"नाव कोण सांगतंय? खूण तेवढी ठेवत्यात."
पाहुणे लय खूश झाले. वही मागितली, दिली. सोमवारी सकाळच्या गाडीनं वसंता येतोय, ते बी मीच सांगितलं.

गुरुवार ता. ९
काशी आली. हळू बोलली. ती कवा हळू बोलत न्हाई.
"आत्याबाई, त्या धाकट्याच्या धोतराखाली पोलिसाचे बूट हुते."
"तू बुटावरनं माणूस वळखतीस व्हय गं?" म्हटलं. हसले.
मग भाकरी थापताना हात थांबला. सरकारच्या विरुद्ध गेलेली पोरं रानात लपल्यात, त्यांना हुडकत्यात म्हणं. आणि मी सांगितलं, एक खूण म्हंजी एक गडी. देऊळ बांधणारा पाथरवट म्हणायचं राहिलंच. मरून शेकडो वर्सं झाली, ते बी. भाकरी करपली.

शुक्रवार ता. १०
देवळात गेले. गुरव म्हणाला, ते दोघं आले हुते. इथं निजायला कोण येतं, विचारलं. दगडांकडं बघितलं बी न्हाई.
माशाच्या खुणेवर हात ठेवून बसले घटकाभर. त्या पाथरवटाला काय ठावं.

शनिवार ता. ११
नावाडी सखाराम. त्याच्या मनगटावर मासा गोंदलाय, जत्रंत गोंदलेला. आज पोलिसांनी चावडीत नेला. बायको माझ्या दारावरनं गेली, बघितलं न्हाई माझ्याकडं.
वसंताला कार्ड लिहिलं, 'येऊ नको'. टपालवाल्यानं वाचलं, पालथं घातलं, परत वाचलं. "आजी, हे काय आता पोचत न्हाई. असू दे माझ्याजवळ."
का असू दे? कुणाला दावायचंय?

रविवार ता. १२
लाडू केले. वसंताला आवडतात. अक्षरं त्यानंच शिकवली मला, म्हणाला, आजे, रोज दोन वळी लिही.
आपल्या टेसनावर न्हाई, अलीकडच्या टेसनावर जाऊन बसते. तिथंच उतरवून घेते. चालत चार कोस. निघते आता.
थोरला पाहुणा जाताना पाया पडला हुता. म्हणाला, "सोमवारी येतो परत, आजी. नातू आल्यावर."