टिंब, जागा, मग नाव

बाबा, आज ऑफिसनं नवा लॅपटॉप दिला आणि पहिला घाव तुमच्यावरच बसला. रोज सकाळी मी कॉम्प्युटरवर आज्ञांची जी स्क्रिप्ट चालवते, तिची पहिली ओळ तुमच्या छोट्या स्क्रिप्टला बोलावते. नव्या मशीनवर तुमची फाइलच नव्हती, सगळं तिथंच अडलं. शेजारच्या सहकाऱ्यानं डोकावून पाहिलं. "ये लाइन हटा दो ना, इसका कोई काम ही नहीं है." खरंच आहे मेल्याचं. तुम्ही त्यात भरलेले फोल्डरचे पत्ते आता कुठं राहिलेत? उरलंय फक्त शेवटी उमटणारं तुमचं चिडवणं, "उठलात का, अक्का?"

चामराजपेटच्या घरी जेवणाचं टेबल पुसून तुम्ही मला शिकवायला बसायचात. मी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत तुमची स्क्रिप्ट चालवते आणि वैतागते, "बाबा, तुमची बिघडलीय! दुसऱ्या फोल्डरमध्ये नेते म्हणालात, मी आहे तिथंच आहे." तुम्ही हसताय. "बिघडली नाही गं. ती आपलं वेगळं शेल, वेगळं घरच म्हण, उघडून बसते, तिथं केलेलं तिच्याबरोबरच संपतं. स्वल्प थांब. आधी टिंब दे, मग जागा, मग नाव. आता ती तुझ्याच घरात येऊन काम करेल आणि केलेलं मागे राहील." मी टिंब देते, आणि अख्खी खिडकीच बंद! तुमच्या स्क्रिप्टच्या शेवटी 'एक्झिट' होतं. ती संपली ती मलाही घेऊन. स्वयंपाकघरातून आई ओरडली, "आता काय मोडलंत दोघांनी?" तुम्ही तेवढा शब्द खोडलात. "सरी, झालं. आता मी गेलो तरी तुझं चालू राहील." केवढे हसलो होतो आपण!

आता आईही नाही. सर्जापूर रोडच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच. दिवसभर हिंदी-इंग्रजी, गेटवरच्या अण्णांशी मोडकंतोडकं कन्नड. स्क्रीनवर उमटणाऱ्या तुमच्या त्या वाक्याखेरीज मला मराठीत कुणी हाक मारत नाही, बाबा. फार एकटं वाटतं, तुमच्यापासून कशाला लपवू?

ओळ काढली नाही. जुन्या मशीनवरून तुमची फाइल आणली आणि शिकवलंत तसंच टिंब दिलं, जागा सोडली, नाव लिहिलं. हे पत्र कुठं जायचं नाही म्हणून सांगते: नुसतं वाक्य उमटायला टिंब लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दिलं, तुम्ही माझ्याच घरात यावं म्हणून.