मागचं गेट

४ नोव्हेंबर
एकसष्ट टक्के! म्हणजे शहराच्या शंभर किलो कचऱ्यातला एकसष्ट किलो आता डेपोवर जात नाही, त्याचं पुन्हा काहीतरी होतं. साहेबांनी पालिकेच्या सभागृहात आकडा सांगितला. ‘हे सगळं आमच्या मॅडमचं.’ टाळ्या. मी उभी राहिले.

घरी बाबांनी बातमी दोनदा मोठ्यानं वाचली — एकदा मला, एकदा भिंतीला. पूर्वी दुसऱ्यांदा वरच्या मजल्यावरच्या काकांना वाचून दाखवली असती. त्यांचे बुद्धिबळातले जोडीदार. आता बोलणं बंद. काकांनी न धुतलेली दुधाची पिशवी सुक्या कचऱ्यात टाकली, आणि बाबांनी ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उचलून दाखवली. ‘माझ्या मुलीच्या खात्याचा प्रश्न आहे.’ काका एवढंच म्हणाले, ‘मग तिलाच बसव खेळायला.’

६ नोव्हेंबर
अहवालाला फोटो हवेत म्हणून वर्गीकरण शेडवर गेले. पुढच्या गेटवर वजनकाटा. सुका कचरा आत येताना तोलतात — तोच आमचा आकडा. सहज मागच्या बाजूला गेले, तर मागच्या गेटातून तोच कचरा भरलेला ट्रक बाहेर पडत होता.

‘हा कुठे निघाला?’

मुकादम गोंधळला. ‘डेपोवर, मॅडम. यंत्र बंद, माणसं कमी. निम्म्याहून जास्त असाच जातो की. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल.’

फोटो पुढच्या गेटचेच काढले.

७ नोव्हेंबर
साहेबांना सांगितलं — मागच्या गेटवरही काटा बसवू, बाहेर जातं ते वजा करू. आकडा पंचविशीत येईल, पण खरा असेल. यंत्र दुरुस्त करून घ्यायला कारण तरी मिळेल.

साहेब चष्मा पुसत राहिले. ‘लोकांना आत्ता कुठे सवय लागलीय. खरं सांगितलंत तर उद्यापासून सगळं एका पिशवीत भरतील. चालेल तुम्हाला?’

वाद घालता आला असता. ‘बघू, सर’ म्हणून बाहेर आले. काय बघणार होते मी?

९ नोव्हेंबर
बाबा मोरीत पिशव्या धूत बसलेले. बोटं सुजलीत. ‘गरम पाणी तरी घ्या.’ ‘कशाला गॅस जाळायचा? तुमच्याच खात्यानं सांगितलंय, वाचवा म्हणून.’



१२ नोव्हेंबर
सोसायटीत माझं भाषण. ठरवलं बाबांनीच, पहिल्या रांगेत बसलेलेही तेच. ‘तुम्ही धुतलेली एकेक पिशवी कामी येते,’ असं म्हणाले मी. जीभ अडखळलीसुद्धा नाही. सरावली असावी.

काका मध्येच उठून गेले. बाबा नंतर कुजबुजले, ‘बघितलंस? लाज वाटली त्याला.’

त्याला!

१५ नोव्हेंबर
सांगून टाकलं बाबांना. शेड, ट्रक, साहेब — सगळं.

बराच वेळ ओल्या पिशव्या दोरीवर चिमट्यांनी लावत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे मी त्याला चारचौघांत उगाचच…’ वाक्य तिथेच सोडलं.

‘मग तू काय करणार?’

‘साहेब म्हणतात —’

‘साहेबांचं नाही विचारलं.’

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर
गेल्या महिन्याच्या अहवालावर सही केली. आकडा तोच, एकसष्ट. घरी आले तेव्हा बाबा नव्हते. बरं वाटलं. बरं वाटलं याचीही लाज वाटली.

१८ नोव्हेंबर
सकाळी मुकादमाचा फोन. ‘मॅडम, दोन म्हातारे मागच्या गेटात खुर्च्या टाकून बसलेत. ट्रक सोडत नाहीत. एक म्हणतात, मी मॅडमचा बाप. दुसऱ्यांना विचारलं तुम्ही कोण, तर म्हणतात, मी वरच्या मजल्यावर राहतो.’

त्यांना उठवायला साहेबांनी मलाच पाठवलंय. गेटाबाहेर गाडीत बसून लिहितेय. दोघं समोर दिसतायत. मला गाडीतून उतरवत नाही.