विणकराचं दुसरं वाक्य

सर, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर मला तुमचं एखादं रागावणं आठवावं लागतं. तेही माझ्यावरचं नव्हे, माझ्या वर्गातल्या त्याच्यावरचं. माझ्यावर तुम्ही कधी रागावलाच नाहीत.

सांगलीच्या कॉमर्स कॉलेजात आठवडाभर तुम्ही आम्हाला व्यापारी पत्रव्यवहार शिकवायचात आणि शनिवारी दुपारी वेळापत्रकात नसलेला एक वर्ग घ्यायचात. पुढे ज्यांना चार माणसांकडून काम करून घ्यायचंय त्यांनी थांबावं, एवढीच अट होती. आम्ही सहासात मुलं थांबायचो. माधवनगरच्या कापड गिरणीतले दोन तरुण अधिकारीही सायकलवरून यायचे. प्राध्यापक होण्याआधी त्याच गिरणीच्या माग खात्यात तुम्ही पंधरा वर्षं काढली होती. माणसांसमोर उभं कसं राहायचं, नाही कसं म्हणायचं, प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प कसं बसायचं, असलं काहीतरी तुम्ही शिकवत होतात. त्याला तेव्हा नाव नव्हतं. आता आहे, आणि त्यासाठी हॉटेलांचे हॉल घेतात.

मी साताऱ्याचा, वक्तृत्वाची बक्षिसं घेऊन आलेला. तो आटपाडीकडचा. घरची माणसं मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने फिरतीवर, आणि हा घराण्यातला कॉलेजात आलेला पहिला. मी बोललो की तुम्ही म्हणायचात, “छान. बस.” तो उभा राहिला की त्याचे हात थरथरायचे, आवाज नको तिथे चढायचा आणि तुम्ही अर्धा अर्धा तास त्याला खाली बसू द्यायचा नाहीत. एकदा तुम्ही चिडून म्हणालात, “काय रं, माणसांशी बोलतोयस का मेंढरं हाकतोयस?” तो म्हणाला, “मेंढरांसंगं असं बोलत न्हाई सर. ती ऐकत न्हाईत.” वर्ग हसला. तुम्ही चष्मा काढून, डोळे पुसत हसलात आणि म्हणालात, “मग गड्या, मेंढरांशी बोलतोस तसं बोल की इथं.” मी पहिल्या बाकावर बसलो होतो. मला हसू आलं नाही. माझ्या कुठल्याही भाषणाने तुम्हाला चष्मा काढावा लागला नव्हता.

वर्षाच्या शेवटी तुम्ही आमची परीक्षा घेतलीत ती कागदावर नव्हे. प्रत्येकाला गिरणीत एकेका विणकराच्या मागाशी एक पाळी उभं केलंत. धागा तुटला की सांधायचा, चुकलं की ऐकून घ्यायचं. पाळी सुटताना विणकराला एकच प्रश्न विचारायचा, या मुलाच्या हाताखाली काम कराल का? तो सांगेल ते आमचे मार्क. गिरणीत त्या वर्षी शिकाऊ अधिकाऱ्याची एक जागा होती, शिफारस तुमची चालणार होती, आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. माझं अक्षर चांगलं म्हणून विणकरांचं म्हणणं लिहून आणायचं काम तुम्ही मला दिलंत.

माझ्या विणकराने सांगितलं, “पोरगं लय चांगलं बोलतंय. शिकल्यालं दिसतंय. करू की काम.” मी ते शब्दशः लिहिलं. त्याचा विणकर वयस्कर होता. धोतराच्या सोग्याने मान पुसत तो म्हणाला, “अजून भितोय, हात कापत्यात.” मी लिहिलं. मग मागाकडे वळता वळता म्हणाला, “पण चुकला की आपणहून सांगायला येतो. असल्या माणसाच्या हाताखाली आमी कवाबी राबू.”

हे मी लिहिलं नाही.

खोटं असं काही लिहिलं नव्हतं, सर. मी फक्त पहिल्या वाक्यावर थांबलो. पुढे तीस वर्षं वर्तमानपत्रात मी हेच काम केलं. रकाना भरला, वेळ संपली, की दुसरं वाक्य काढायचं. हजारो वाक्यं काढली, एकही लक्षात नाही. हे एकच आहे.

तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तो कागद वाचलात. काकूंनी पुढे ठेवलेला चहा गार होईपर्यंत वाचलात, सातआठ ओळींचा कागद. मग विचारलंत, “त्याच्याबद्दल एवढंच बोलला?” मी म्हणालो, “हो सर, एवढंच.” तुम्ही कागद खाली ठेवलात. माझ्याकडे बघत राहिलात. तुम्ही वाट बघत होतात हे मला कळत होतं. मी माझ्या कपातली माशी काढण्यात गुंतल्याचं दाखवलं.

जागा मला मिळाली. आणि मग काय झालं, तर तो रिकामा म्हणून तुमच्याकडे रोज यायला लागला. मी मागांच्या खडखडाटात उभा असायचो आणि तो तुमच्या पाटासमोरच्या पाटावर. रविवारी मी भेटायला आलो तर काकू सांगायच्या, “आवाज ऐकतोयस ना? सकाळपासून दोघांचं भांडण चाललंय.” तुम्ही आतून मला म्हणायचात, “ये, बस. छान चाललंय ना?” तुम्ही माझ्याशी कधी भांडला नाहीत. दोन वर्षांत मी गिरणी सोडली. माझ्याकडे चूक सांगायला कुणी येत नसे, आणि मीही कुणाकडे जात नसे.

आज तो पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांच्या साहेबांना तुमच्या शनिवारच्या वर्गातलंच शिकवतो. व्यवस्थापन शिकणारी मुलं त्याच्या वर्गासाठी नाव नोंदवून थांबतात. त्याच्या साठीनिमित्त माझ्या जुन्या संपादकांनी मला त्याच्यावर लेख मागितला. मी फोन केला, तो तासभर तुमच्याबद्दलच बोलला. शेवटी म्हणाला, “एक विचारू का गड्या? सरांनी तवा मला का नापास केलं, तुला कधी बोललं का? त्यांना मी इचारलं न्हाई. भ्यालो. आजबी वर्गात उभा ऱ्हायलो की वाटतं, मिलमधल्या त्या म्हाताऱ्याला मी पटलो न्हाई.”

मी म्हणालो, “नाही रे, कधी विषयच निघाला नाही.”

लेख वेळेवर दिला. चांगला झाला, असं संपादक म्हणाले. त्यात विणकर नाही. हे पत्र खरं तर त्याला लिहायला हवं. त्याचा पत्ता माझ्या टेबलावर आहे आणि तुम्हाला तर आता पत्ताच नाही, म्हणून तुम्हाला लिहायला धीर झाला. भीती त्याच्या रागाची नाही, सर. तो रागावणार नाही, हसेल, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्या साहेबांना ही गोष्ट सांगेल. तुमचं रागावणं त्याला मिळालं, भांडणं मिळाली, तुमच्या सगळ्या सकाळी मिळाल्या. तुमच्या स्वयंपाकघरात मी गिळलेलं विणकराचं हे एक वाक्यही त्याला देऊन टाकलं, तर तुमच्या घरातलं माझ्याकडे काही उरत नाही.