पाहुणीच्या हातचं कुंकू

आई, काल भिसेगावला हळदीकुंकू होतं. घरातलं नाही, हॉलमधलं. रस्ताभर बॅनर, वाण म्हणून स्टीलचा डबा आणि प्रमुख पाहुणी टीव्हीवरची एक नटी. मालिकेत ती तरुणपणी विधवा झालेली आई आहे, मुलांसाठी राबते, सासरचे छळतात. बायका तिच्या पाया पडत होत्या. "ताई, किती सोसलंत हो!" म्हणत एक जण तर खरोखर रडली. सोसलं म्हणे! मेकअप करून आणि पैसे घेऊन.

तू खालापूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होतीस. बाबा गेले तेव्हा तुला तिशीही लागली नव्हती. संक्रांत झाली की शेजारची काकू दारातूनच सांगायची, "पोरीला धाडा हळदीकुंकवाला." तिची सगळी बाळंतपणं तू केलेली. तू माझ्या वेण्या घालायचीस, मला पाठवायचीस आणि मी परत आले की ओंजळीतली बोरं बघून विचारायचीस, "गोड आहेत का गं?" एकदा मी तिथंच विचारलं, माझ्या आईला का नाही बोलावत? घरी आल्यावर तू माझा दंड धरलास. "पुन्हा असं विचारायचं नाही. अडलं की मलाच बोलावतात. तेवढं पुरे आहे मला." पण तूच पोटाला चिमटा काढून मला कॉन्व्हेंटमध्ये घातलं होतंस आणि तिथल्या सिस्टर ताठ उभं राहून प्रश्न विचारायलाच शिकवत होत्या. मला ते पुरे कधीच वाटलं नाही.

काल मी पहिल्या रांगेत बसले होते. ह्यांना जाऊन वर्ष झालं, सगळ्यांना ठाऊक आहे. कार्यक्रम भरवणारी बाई, तिचाही जन्म तुझ्याच हातचा, नटीला कुंकू लावून, तिची ओटी भरून, तबक घेऊन रांगेतून आली आणि मला गाळून पुढं सरकली. मी उभी राहिले. "टीव्हीवरच्या विधवेची ओटी भरलीस, मग मला का गं वगळलंस?"

"अवं मावशी, त्या खऱ्यात सवाष्ण हायेत. आनि तुमी..."

"बोल की. मी खऱ्यात विधवा. खोटी असते तर चालले असते."

मला वाटलं, आता तरी कोणी म्हणेल, हिच्या आईनं आपल्याला जगात आणलंय. एकीनंही तोंड उघडलं नाही. तेवढ्यात नटी स्टेजवरून उतरली आणि तबकातलं कुंकू घेऊन तिनं मला लावलं. मोबाईल वर झाले, टाळ्या पडल्या, त्या तिच्यासाठी. सकाळपासून तो व्हिडिओ फिरतोय: 'ताईंचं मोठं मन'. त्यात माझं नाव नाही, तुझं तर नाहीच. मी म्हणजे नुसतं एक कपाळ.

तू गेल्यापासून हे पाठवायला तुझा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण तिचं बोट कपाळाला टेकलं तेव्हा, आई, राग येण्याआधी मला बरं वाटलं.