नोंद दुरुस्त करून मिळणेबाबत

२ जून, सोमवार. सकाळी ७
आजपासून दारू बंद. तशी ती चालू नव्हतीच, त्यामुळे हे वाक्य खोडायला हरकत नाही.
शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून जवळजवळ फिक्स! वालचंदनगरला राहायला खोलीसुद्धा. फक्त पोलिसांचा चारित्र्य दाखला १६ तारखेपर्यंत द्यायचा. निकिताने लगेच आमची तिघांची भांडी वेगळी काढली. प्रगती तीन वर्षांची, तिलाही त्याच शाळेत घालू म्हणाली. आबा म्हणाले, घरचा ट्रॅक्टर सोडून लोकांची पोरं वाहणार व्हय? छत्तीस वर्षांचा झालो तरी बापाला विचारल्याशिवाय कळंबच्या वेशीबाहेर जाता येत नाही. हितनं सुटायचं म्हणजे सुटायचं.

३ जून
एक किरकोळ गोष्ट आठवली. साडेतीन वर्षांपूर्वी बारामतीहून येताना, भर दुपारी, पोलिसांनी मशीनमध्ये फुंकायला लावलं होतं. दोनच बिअर. त्याही चुलतभावाच्या हळदीतल्या, म्हणजे धार्मिक कार्यातल्या. कोर्टात विचारलं, गुन्हा कबूल? मी म्हणालो, कबूल. तिथं कबूल म्हणजे 'आटपा लवकर' असा अर्थ असतो, कुणालाही विचारा. दंड भरला, विषय संपला. आता म्हणे ती शिक्षाच धरतात. कमाल आहे!

५ जून
इंदापूरला वकिलांना भेटलो. म्हणाले, शिक्षेची नोंद पुसून मिळत नाही. गप बसा, दाखल्याच्या फॉर्मवर खोटं मात्र लिहू नका. फी घेतली नाही तेव्हाच ओळखलं, अनुभव कमी.
येताना एसटीत डोकं चाललं. आजोबा वारले तेव्हा सातबाऱ्यावरचं त्यांचं नाव एका अर्जावर कमी झालं. सहा फुटी माणूस कागदावरून जातो, मग दोन बिअर का नाही जाणार?
दाखल्याचा फॉर्म भरला. गुन्ह्याच्या रकान्यात लिहिलं, 'अर्ज करीत आहे.' हे खोटं नाही.

६ जून
तहसील कचेरीबाहेर महिपतराव अर्ज लिहून देतात. पस्तीस वर्षं फक्त जमिनीचे. म्हणाले, 'पुसणे' लिहिलं की साहेब भडकतो, 'नोंद दुरुस्त करून मिळणेबाबत' लिहू. सोबत आधार, लायसन, दोन फोटो. वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ठाण्यात दिला, पोच घेतली. महिपतराव म्हणत होते एक प्रत शाळेलाही द्या. मी नको म्हणालो. एवढा बावळट नाही मी.
येताना एक बिअर. काम झाल्याची, म्हणजे ती धरायची नाही.

११ जून
अर्जाचं काही कळत नाही. दिवसभर ट्रॅक्टरने सरी पाडल्या. आबा बांधावर उभे. टोकाला जाऊन वळलं की समोर तेच. शेवटी रडूच आलं. धूळ गेली असेल.
निकिताने विचारलं, दाखल्याचं कुठवर आलं? म्हणालो, सिस्टीममध्ये आहे. तिने भांडी पोत्यात भरून तोंड शिवलं.

१३ जून
ठाण्यातून फोन! हवालदार हसून म्हणाले, या, तुमचा अर्ज मंजूर झाला. तसाच गेलो, पाय धरणार होतो.
म्हणाले, जुन्या नोंदीत तुमचं नाव चुकलं होतं. सुयोगच्या जागी संयोग, वयही भलतंच. त्यामुळं तुमचं नाव टाकलं की कॉम्प्युटरवर काहीच दिसायचं न्हाय. फॉर्मवर तुमी काय लिहिलं तेबी आम्हाला कळंना. बरं झालं अर्ज दिला. आधार बघून सगळं दुरुस्त केलं, आता नोंद पक्की हाय.
मी विचारलं, अर्जच दिला नसता तर?
तर कोरा दाखला निघाला असता, म्हणाले.
मी विचारलं, परत चुकीचं करता येईल का? ते म्हणाले, त्याला नवा अर्ज लागंल. चेष्टा करत होते की नाही, कळलं नाही.

१६ जून, सोमवार
दाखला मिळाला. नाव, वय, पत्ता, शिक्षा, सगळं बिनचूक. शाळेने निमगावचा एक ड्रायव्हर घेतला. आबांनी उद्या कुठल्या रानात जायचं तेवढं सांगितलं.
निकिताला सगळं सांगितलं. म्हणालो, दोन बिअरसाठी माणसाचं आयुष्य अडकवून ठेवतात, हा कुठला न्याय? ती पोत्याची शिवण उसवत होती. वर न बघता म्हणाली, दोन न्हवत्या. पुलाच्या कठड्याला गाडी घासली तवा प्रगती पोटात होती माझ्या. पोलिसांनी थांबवलं, मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. त्यांनीच मला घरी आणून सोडलं. तुमी शुद्धीवर आल्यावर, मी घरी कशी आले ते विचाराल म्हणून मी वाट बघत बसले.
मी तेव्हा गाडीत एकटा होतो, असंच आजपर्यंत समजत होतो.