कच्चा टाका

प्रिय गुल्लू,

काहून रे बावा, चार शब्द समजले नाहीत म्हणून कोणी बिऱ्हाड गुंडाळतं का? मंगळवारी फोनवर म्हणालास, एडिटिंगच्या वर्गात सर बोलतात ते डोक्यावरून जातं, विचारलं तर पोरं हसतात, रविवारी मुंबई सोडून अकोल्याला येतो. फोन ठेवून मी आधी रडले, मग चिडले. हे मुद्दाम मराठीत लिहिते आहे. उर्दूत लिहिलं तर अब्बा आधी वाचतील.

बुधवारी शाळेच्या ट्रेनिंगला अमरावतीला गेले होते. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या कॉम्प्युटरवर तुझे ते शब्द शोधले. काय सापडावं? फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, हिंदी, साऱ्या भाषांत सिनेमाच्या शब्दांच्या याद्या! म्हणजे तिकडच्या गोऱ्या पोरांनाही कोणीतरी यादी करून द्यावी लागते. आईच्या पोटातून कोणीच शिकून येत नाही, येड्या. मराठीतली मात्र मला गावली नाही. म्हणून जठारपेठेत आपल्या दुकानात, तुझ्या रिकाम्या शिलाई मशीनवर कागद ठेवून मीच करायला बसले.

अब्बा समोर एका शेरवानीला काज करत होते. तू दुकान सोडून गेल्यापासून वर्षभर त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही, तुला ठाऊकच आहे. मी आपली मोठ्यानं वाचत होते. रफ कट, म्हणजे सारे तुकडे आधी नुसते ओळीनं जोडून पाहायचे. मान वर न करता अब्बा म्हणाले, "कच्चा टाका." मी गारच! पुढं वाचलं, दोन तुकडे असे जोडायचे की जोड दिसू नये. "हे तं मी रोजच करून राहिलो." मग चष्मा लावून कागदच ओढून घेतला. गिऱ्हाईक येऊन ओरडून गेलं, शेरवानी तशीच. मी वाचत गेले आणि एकतीस शब्दांपुढे त्यांनी उर्दूत आपले शिवणकामाचे शब्द लिहिले. जुळले नाहीत तिथं फुली मारली आणि म्हणाले, "हे त्याले तिथंच इचारू दे. मीबी पहिल्या वर्षी सात सदरे बिघडवले, उस्ताद हसले म्हणून सुई नाही टाकली."

म्हणजे मंगळवारचा फोन त्यांनी ऐकला होता, गुल्लू! मी यादीचा फोटो पाठवते म्हटलं, तर नको म्हणाले, कागदच जाऊ दे. पाकीट शोधून देताना हळूच बोलले, "गुलफामचं नवं माप मांगून घे. ईदले लागन." म्हणून हे पत्र, शनिवारी तुझ्या हाती पडेल अशा कुरिअरनं. रविवारचं तिकीट रद्द कर आणि माप पाठव.

कान पिळायला तिथवर येऊ शकणारी, तुझीच
अनीसा आपा