एक फणी केळी आणि काळा करदोडा

आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही जाऊनही आता पन्नासच्या वर वर्षं झाली, तेव्हा सुनेनं सासूसाठी हे कागद काळे करण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं. पण आज बाजारातून आले ती पार गळून आले, आणि जिच्यापाशी कुरकुर करावी असं वयानं मोठं माणूस या घरात कुणी उरलेलं नाही. नांदेडला असताना घरात आलेलं प्रत्येक पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवायची, आठवतं ना? तुम्ही मांडीवर सूप घेऊन ज्वारी निवडत बसायचात आणि मी जरा थांबले की "हं, म्होरं?" म्हणायचात. तुमच्या धाकट्या बहिणीनं माझ्याबद्दल काही वाकडं लिहिलेलं असलं की मी ते वाक्य सरळ गाळायची, आणि वर "सूनबाईला अनेक आशीर्वाद" असं आपल्या पदरचं घालायची. तुम्हाला कळत असणार. तुमची बहीण काही इतकी गोड नव्हती.

तर झालं असं. माझ्या नातवाची मुलगी, म्हणजे माझी पणती, येत्या रविवारी वर्षाची होते आहे. तिला काय द्यायचं म्हणून नातसून मला रिक्षात घालून लातूरच्या एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. छतापर्यंत खेळणी. एक पिवळं बदक होतं, त्याचं पोट दाबलं की ते इंग्रजीत गाणं म्हणायचं, आणि थांबवायचं कसं ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. माझे पाय दुखायला लागले, डोकं भणभणलं, मी एका स्टुलावर बसून घेतलं. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तू पणजी आहेस. चांदीचे वाळे दे, शोभतं. मीच आणून देतो, तू नुसते पायात घाल." मी म्हटलं, वाळे नकोत. एक फणी अर्धापूरची केळी देईन आणि काळा करदोडा कमरेला बांधीन. नातसून आधी हसली आणि मग गोरीमोरी झाली. "आजी, तिच्या आजोळची माणसं येणार आहेत हो. लोक काय म्हणतील?" बरोबर हेच वाक्य, अगदी याच सुरात, मी तुम्हाला ऐकवलं होतं.

मी तेव्हा सतरा वर्षांची. लातूरच्या गंजात वडिलांचं आडतीचं दुकान, घरात चार पैसे खेळते, त्याचा तोरा घेऊन मी नांदेडला तुमच्या दोन खोल्यांत आले होते. आमचे हे कचेरीत कारकून. दिवसभर उर्दूत कागद लिहायचे आणि घरी येऊन बोटांची शाई घासत बसायचे. निजामाचं राज्य होतं, ते कधी जाईल असं आम्हा बायकांना तरी वाटत नव्हतं. गल्लीत कुणाचं मूल वर्षाचं व्हायला आलं की तुम्ही आठ दिवस आधी त्या घरी विरजण मागायला जायचात. घरात शिंकाळ्यावर दह्याचं मडकं भरलेलं असताना! मला आधी वाटायचं, म्हातारीला विसर पडतो. मग कळलं की विरजण हे निमित्त. तुम्ही उंबऱ्यात टेकायचात, पाणी मागायचात आणि तेवढ्यात सगळं घर बघून घ्यायचात. लेकराच्या अंगाखाली धड दुपटं आहे का, डोळे चिपडतात का, दात येऊन हिरड्या शिवशिवतात का. परत आल्यावर तुमचं ठरलेलं असायचं. एखाद्या घरी जुन्या लुगड्याचं मऊ दुपटं, एखाद्या घरी एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, कुठं लाह्यांचं पीठ. आणि सगळ्यांना एक फणी केळी, एक करदोडा. करदोड्याचा दोरा तुम्ही स्वतः मांडीवर वळायचात.

गल्लीच्या टोकाला वकिलाचा वाडा होता. त्यांच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला तुम्ही मला बरोबर नेलंत. तिथं पाटासमोर चांदीच्या वाट्या, झबली, जरीची टोपी, आणि माझ्या हातात आपली केळ्यांची फणी. मी ती पदराखाली धरून भिंतीला चिकटून उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुम्ही मात्र सरळ पुढं गेलात, एक केळं सोललंत, बोटानं कुस्करलंत आणि पोराच्या तोंडाला लावलंत. ते पोरगं असं काही चटाचटा खायला लागलं की वकिलीणबाई हसून हसून डोळे पुसू लागल्या. परत येताना मी धुसफुसत होते. म्हटलं, "आत्याबाई, लोक काय म्हणतील? तुमच्या मुलाची कचेरीत काही इज्जत आहे की नाही?" तुम्ही म्हणालात, "वर्साच्या लेकराला चांदी काय कळतीय? त्याला केळं कळतंय." आणि थोडं चालून झाल्यावर, माझ्याकडं न बघता, "संपंल असं द्यावं गं पोरी. उरंल असं देऊ न्हाई." मी मनात म्हटलं, चिकटपणाला नाव बरं शोधलंय. खरं सांगते, तसंच म्हटलं.

मग आमची पोरगी झाली. पहिली मुलगी म्हणून बायांनी तोंडं वाकडी केली. तुम्ही नाही केलंत, एवढं मी तुमच्या पदरात घालते. ती वर्षाची व्हायला आली तेव्हा मी वाट बघत होते की घरच्या नातीला तरी म्हातारी काही काढील. महिनाभर आधीपासून बघते तर तुम्ही आपल्या मांडीवर काळा दोरा वळून राहिलात! माझा संताप झाला. मी माहेरी पत्र लिहिलं. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी भाऊ लातूरहून मोटारीनं आला, त्याच्या धोतराच्या गाठीत चांदीचे वाळे, बारीक घुंगरांचे. मी ते मुद्दाम तुमच्यासमोर आणून ठेवले आणि म्हणाले, "मामानं आणलेत. घरची केळी आहेतच." काय ती जीभ माझी! दुसऱ्या दिवशी ओवाळून झाल्यावर करदोडा बांधलात, केळं भरवलंत, आणि वाळेही तुम्हीच तिच्या पायात घातलेत. तिचे पाय दोन्ही हातांत धरून बघत राहिलात. "दिसत्यात मात्र झकास," म्हणालात, "पर आता हे तुला जल्मभर संभाळावं लागतील." मला वाटलं, टोमणा मारून राहिल्या.

ती चैत्रात वर्षाची झाली आणि वैशाखात चालायला लागली. तेव्हापासून घरभर ते घुंगरू. तुमचा वाळ्यांना विरोध, पण त्या आवाजावर सगळ्यात जास्त लक्ष तुमचंच. आवाज थांबला की तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठायचात, कारण आवाज थांबला म्हणजे बाईसाहेबांनी रांजणात हात घातलेला असायचा नाहीतर चुलीतली राख तोंडात. तुम्ही तिला ओरडायचात आणि ती खदखदा हसायची. तीन महिने असे गेले. माझ्या पंच्याऐंशी वर्षांत तेवढे तीन महिने मी मोजून ठेवलेत, बाकी सगळं कसं गेलं ते मला विचारू नका.

श्रावणात तिला ताप आला. पायांवर सूज चढली तेव्हा वाळे रुतायला लागले. एका पायातला तुम्ही काढलात, दुसऱ्यातला मी काढला. पाचव्या दिवशी ती गेली. लहान म्हणून पुरलं, गंगेच्या काठाला, गोदावरीला आपण गंगाच म्हणायचो. मला जाऊ दिलं नाही. त्यानंतर काही दिवसांनी, सकाळची वेळ होती, मी चुलीपुढं नुसती बसले होते, तुम्ही येऊन हात पुढं केलात. "दुसरा वाळा दे. जोडीनं गंगेत सोडून येते. घरात ठिवू नगंस." मी म्हटलं, का? आणि मग तुमच्या तोंडून जे कधी निघालं नव्हतं ते निघालं. यांच्या आधी तुमचा एक मुलगा सव्वा वर्षाचा होऊन गेला होता. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला कुणी तरी चांदीची वाटी दिली होती. "रोज घासायला निघायची गं. लेकरू न्हाई अन् वाटी हाय. लई वर्सं घासली म्या. कुनाच्या आईवर ती पाळी आनू न्हाई, म्हनून केळी देते. मला काय द्यायची हौस न्हाई व्हय?" इतकं बोलून तुम्ही पदर डोळ्यांना लावलात. तुम्हाला रडताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि माझं डोकं असं फिरलेलं की मला तुमची कीव आली नाही. मी म्हटलं, "माझ्यापाशी नाही. त्या गडबडीत कुठं पडला कोण जाणे."

तुम्ही दोन-तीन दिवस थांबलात. मग एकच घेऊन गेलात आणि सोडून आलात. पण तुमच्या जिवाला ते लागून राहिलं. तुम्ही शोधायला लागलात. गोधड्या उसवून बघितल्या, चुलीतली राख चाळली, रांजण रिकामे केले. पाण्याला गेलात की घरापासून गंगेपर्यंतच्या वाटेवर खाली मान घालून चालायचात, एखादी पत्र्याची चकती चमकली तरी वाकायचात. बाया विचारायच्या, काय हरवलं? तुम्ही म्हणायचात, काही नाही. एकदा मी चिडून म्हणाले, "सोडा ना आता, एका वाळ्यानं काय होतंय?" तुम्ही मान वर करून माझ्याकडं बघितलंत. म्हणालात, "एकच वाळा घालून ती तिकडं कशी चालंल गं? एक पाय वाजंल, एक वाजणार न्हाई."

पुढं राज्य बदललं, यांची बदली लातूरला झाली. नांदेडची खोली रिकामी केली तेव्हा सगळं सामान बाहेर काढून तुम्ही हातात केरसुणी घेऊन एकेक कोपरा झाडलात. घरमालक म्हणाला, आजी, सोडून चाललेलं घर कशाला एवढं लख्ख करता? तुम्ही भिंतीतल्या दिवळीत बोटं घालून बघत होतात. मी दारात पोटाशी हा आत्ताचा मुलगा घेऊन उभी होते. त्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी माहेरहून काही मागवलं नव्हतं, आणि तुम्ही केळं कुस्करत असताना बोललेही नव्हते. लातूरला तुम्ही सात-आठ वर्षं काढलीत, तिथंही रस्त्यानं चालताना तुमची मान खालीच. शेवटच्या दुखण्यात एकदा शुद्धीत येऊन विचारलंत, "घावला का गं?" मी म्हटलं, नाही, आत्याबाई. "आसू दे," म्हणालात, आणि माझ्या हातावर थोपटलंत. तुम्हीच मला थोपटत होतात.

तुम्ही सांगितलंत ते खरं होतं, उरतं ते फार छळतं. पण मला छळून घ्यायचं होतं. त्या घरात तिचं दुसरं काही उरलेलंच नव्हतं. करदोडा तिच्यासोबत गेला, केळी तर त्याच दिवशी संपली होती. तिच्या पायाएवढं गोल असं काहीतरी मला हातात धरायला हवं होतं. तेवढ्यासाठी मी तुम्हाला पंधराएक वर्षं खाली मान घालून चालायला लावलं. आता मी तुमच्याहून म्हातारी झाले आहे, माझीही कंबर वाकली आहे, आणि लातूरच्या या रस्त्यावर चालताना माझी नजर जमिनीकडं असते तेव्हा नातसून म्हणते, आजी, काय शोधता? मी म्हणते, काही नाही.

रविवारी मी केळीच देणार. मुलगा रुसला आहे, रुसू दे. नातसून मनात मला चिकट म्हणत असेल, तिचं काही चुकत नाही, आणि तिला सांगावं असं हे नाही. करदोडा मात्र बाजारचा आहे, माझ्या बोटांनी आता दोरा वळवत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी घालून ठेवीन. सांगायचं ते एवढंच होतं. नांदेडच्या त्या रिकाम्या खोलीत तुम्ही दिवळीत बोटं घालून बघत होतात, आत्याबाई, तेव्हा तो वाळा माझ्या कमरेला खोचलेला होता, आणि तो वाजू नये म्हणून मी श्वास धरून उभी होते. तुम्ही असतात तर हे पत्र मीच तुम्हाला वाचून दाखवलं असतं, आणि हे वाक्य गाळलं असतं.